दारातली तपासणी

डेअरीत त्यांना सगळे नाकसाहेब म्हणत. तोंडावर नाकसाहेब, पाठीमागे नुसतं नाक.

काम असं होतं. सकाळी उजाडता उजाडता दुधाच्या गाड्या धक्क्याला लागत, हमाल कॅन उतरवून ओळीने मांडत, आणि नाकसाहेब एकेका कॅनचं झाकण उचलून आत नाक घालत. झाकण उघडल्यावर जो पहिला वास वर येतो तेवढाच खरा, असं त्यांचं शास्त्र होतं. दुसरा श्वास घेतला की नाक दुधाशी तडजोड करायला लागतं. म्हणून एकच श्वास, तोही डोळे घट्ट मिटून, म्हणजे बाकीच्या जगाने मध्ये लुडबुड करू नये. मग दोनच शब्द. ‘चला’ म्हटलं की दूध टाकीत. ‘परत’ म्हटलं की कॅनच्या कानाला लाल फीत, आणि मालकाने तो निमूटपणे घरी न्यायचा. आत प्रयोगशाळा होती, तिथे पांढरे कोट आणि काचेच्या नळ्या होत्या. पण त्या सगळ्यांचा नंबर नाकसाहेबांच्या नंतर. गोठा शेवटचा कधी धुतला, गाईने कुठल्या कुंपणापलीकडचा पाला खाल्ला, कॅन घासला की नुसताच विसळला, हे ते एका श्वासात सांगत. कोणी विचारलं नाही तरी सांगत.

आता असा माणूस संध्याकाळी घरी जाऊन बाप होतो, तेव्हा नाक डेअरीच्या कपाटात ठेवून जात नाही.

मुलगी हायस्कूलला गेली त्याच वर्षी नाकसाहेबांनी घरात तपासणी सुरू केली. कुठल्याशा वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं होतं की हल्ली पोरं तेराव्या-चौदाव्या वर्षीच सिगारेट ओढतात, बाटलीला तोंड लावतात, आणि आईबापांना सगळ्यांत शेवटी कळतं. ‘सगळ्यांत शेवटी’ हे शब्द त्यांना झोंबले. ज्या माणसाला सगळ्यांत आधी कळण्याचा पगार मिळतो, त्याला सगळ्यांत शेवटी? त्या दिवसापासून मुलगी संध्याकाळी क्लासहून आली की दारातच थांबायची. नाकसाहेब खुर्चीवरून उठायचे, चष्मा काढून खिशात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि वाकायचे. मुलगी तोंड उघडून ‘हा’ करायची. एक श्वास. मग ‘चला’. मगच चपला काढायच्या.

हा सोहळा ते पाहुण्यांसमोरही करत, किंबहुना पाहुण्यांसमोर जरा जास्तच वाकत. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी एकदा काळजीने चौकशी केली, मुलीला दम्याचा त्रास आहे का. नाकसाहेबांनी त्यांना शिस्त म्हणजे काय हे जिन्यात उभं राहून इतकं सविस्तर समजावलं, की त्या बाई पुढे कधी काळजी करण्याच्या भानगडीत पडल्या नाहीत.

त्यांच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा होती. त्यांच्या स्वतःच्या वडिलांचा पट्टा दाराआडच्या खिळ्याला कायम लटकलेला असे, आणि वडील आधी मारत आणि मग गुन्हा शोधत. नाकसाहेबांनी मुलीवर कधी हात उगारला नाही. आवाजही फारसा चढवला नाही. ते फक्त वास घेत. याहून आधुनिक बाप आणखी कसा असतो, असा त्यांचा सवाल होता. पण तो त्यांनी स्वतःलाच विचारला होता, त्यामुळे उत्तरही मनासारखं आलं.

एकच गोष्ट राहून गेली होती. वासानेच सगळं कळत असल्यामुळे मुलीला काही विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. दिवसभर कुठे होतीस, डबा कोणाबरोबर खाल्लास, ती दोन वेण्यांची मैत्रीण हल्ली घरी का येत नाही, हे प्रश्न त्यांना पडलेच नाहीत. कॅनला आपण विचारतो का?

बायको चपलांच्या दुकानात काम करायची. दिवसभर गिऱ्हाइकांच्या पायाशी बसून ती घरी येई तेव्हा तिच्यात बोलण्याचंसुद्धा त्राण नसे. मुलीकडे जरा बघा, असं तिने सुरुवातीला म्हणून पाहिलं. नाकसाहेब म्हणाले, बघायला कशाला पाहिजे. तेव्हापासून मुलीच्या कुठल्याही गोष्टीवर तिचं एकच उत्तर असे, बाबांचं नाक आहे ना. घरात एवढं उत्तम यंत्र असताना दोघांनी कशाला शिणायचं?

बायकोच्या भावाचं घर म्हणजे दुसरं टोक. हा मेहुणा कार्यालयांना फर्निचर पुरवायचा आणि हसायचा, दोन्ही घाऊक भावात. मी माझ्या मुलीचा बाप नाही, मित्र आहे, असं तो ज्याला त्याला सांगे. मुलगी चौदा वर्षांची, मित्र पंचेचाळीस वर्षांचा. त्याच्या घरात कुठल्याही दाराला कडी नव्हती, झोपायला वेळ नव्हती, आणि फ्रिजमधली बिअर सगळ्यांची होती. बाहेर जाऊन चोरून पिण्यापेक्षा डोळ्यांसमोर प्यावी, हे त्याचं तत्त्व. फक्त डोळे बहुतेक वेळा फोनमध्ये असत, त्यामुळे पिणं तेवढं होई. नाकसाहेब त्याला बेजबाबदार म्हणत, तो नाकसाहेबांना जेलर म्हणे. आपल्यामुळे निदान एका मुलीचं तरी भलं होतंय, याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. आणि पुढे थंडी सुरू झाल्यापासून शनिवारी दुपारी मेहुण्याच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, एका शिस्तीच्या घरातली मुलगी आणि एका स्वातंत्र्याच्या घरातली मुलगी, एकाच पाकिटातली सिगारेट आळीपाळीने ओढत बसायच्या.

शाळेने पालकांना जागं करायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एका समुपदेशक बाईंचं व्याख्यान ठेवलं होतं. बाईंनी फळ्यावर एक मोठा चौकोन काढून त्याचे चार भाग केले. धाक भरपूर पण माया दिसत नाही, असे पालक एका कप्प्यात. माया भरपूर पण धाक नाही, ते दुसऱ्यात. दोन्ही नाही, ते तिसऱ्यात. आणि नियम ठरवणारे, ते पाळायला लावणारे, पण मुलांशी बोलणारे आणि त्यांचं ऐकून घेणारे, ते चौथ्यात. चौथ्या कप्प्यातली मुलं व्यसनाकडे सगळ्यांत कमी वळतात असं दिसतं, बाई म्हणाल्या. आणि नियम आहे म्हणून मूल थांबत नाही, घरी येऊन खरं सांगता येतं म्हणून थांबतं. सभागृहातल्या प्रत्येक पालकाने मान डोलावली आणि स्वतःला चौथ्या कप्प्यात बसवलं. मग उरलेल्या वेळात ओळखीच्या माणसांना बाकीच्या तीन कप्प्यांत वाटून टाकलं. नाकसाहेबांनी मेहुण्याला दुसऱ्यात टाकलं. मेहुणा त्यांच्या शेजारीच बसला होता आणि त्याने त्यांना केव्हाच पहिल्यात टाकलं होतं. चहा घेताना दोघेही एकमेकांना म्हणाले, बाई फार छान बोलल्या.

त्या थंडीत नाकसाहेबांना ताप आला. साधा ताप, सर्दी, अंगदुखी. आठवडाभराने ते उठले, साबणाने तोंड धुतलं, आणि साबणाला वास नव्हता. त्यांनी टूथपेस्ट हुंगली. बुटाचं पॉलिश हुंगलं. शेवटी बायको अंघोळीला गेल्यावर कचऱ्याच्या डब्यात डोकं घातलं. काही नाही. जगाने जणू त्यांच्याशी अबोला धरला होता.

डॉक्टर म्हणाले, येईल परत. कधी, ते म्हणाले नाहीत. आणि येईपर्यंत काय, हे नाकसाहेबांनी विचारलं नाही, कारण विचारलं तर सांगावं लागलं असतं. ज्याच्या नावातच नाक आहे त्याने नाक गेलं म्हणून सांगायचं, मग राहिलं काय? नुसतं साहेब? तेही डेअरीत आधीच तिघे होते. त्यांनी ठरवलं, कोणाला कळू द्यायचं नाही. डेअरीत नाही, बायकोला नाही, मुलीला तर नाहीच.

पहिल्या सकाळी ते धक्क्यावर उभे राहिले. झाकण उचललं, डोळे मिटले, श्वास घेतला. आत पांढरा अंधार. डोळे उघडले तर समोर कॅनचा मालक उभा. तो उगाचच हसत होता. तब्येत कशी आहे साहेब, आता बरं आहे ना, असं फार जिव्हाळ्याने विचारत होता. या माणसाने आजवर त्यांची तब्येत कधी विचारली नव्हती. नाकसाहेब म्हणाले, परत. मालकाने मान खाली घालून कॅन उचलला. वाद नाही, शपथ नाही. म्हणजे दूध खरंच नासलेलं होतं.

असा त्यांना नवा धंदा सापडला. दूध हुंगायचं सोंग करायचं आणि माणूस वाचायचा. ज्याच्या दुधात काळंबेरं असेल तो झाकण स्वतः घाईने उघडून देई, किंवा पाऊसपाण्याच्या गप्पा काढे, किंवा बुटाने जमीन खरवडत राही. महिन्याभरात नाकसाहेब चेहऱ्यांत इतके तरबेज झाले की त्यांचा लौकिक पूर्वीपेक्षा वाढला. आता तर झाकण उघडायच्या आधीच कळतं साहेबांना, असं हमाल म्हणू लागले. ते खरंच होतं.

चुका झाल्या. एकाचं निर्मळ दूध त्यांनी परत पाठवलं. बिचारा सकाळी बायकोशी भांडून आला होता आणि नुसता पडेल चेहऱ्याने उभा होता. ती चूक कॅनभर होती. दुसरी टाकीभर झाली. एक म्हातारी बाई होती, शांत, डोळ्यांत डोळे घालून बोलणारी. तिचं दूध त्या दिवशी फिरलेलं होतं, आणि ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही त्याच्या चेहऱ्यावर काय दिसणार? नाकसाहेब म्हणाले, चला. दुपारी प्रयोगशाळेतल्या मुलींनी बोंब मारली; टाकीतलं सगळं दूध गटारात गेलं. दोष कोणाचा, यावर बैठक बसली. नाकाचा असूच शकत नव्हता. मग थंड करायच्या मशीनचा ठरला, आणि मशीन सांभाळणाऱ्या मेकॅनिकला चौकशी संपेपर्यंत घरी बसवलं. मेकॅनिक म्हणत राहिला, मशीन बरोबर आहे, तापमानाचा काटा बघा. नाकसाहेब तिथेच उभे होते. त्यांनी काट्याकडे बघितलं, आणि काही बोलले नाहीत.

त्या रात्री जेवताना मात्र ते बरंच बोलले. मेकॅनिकमुळे टाकी कशी नासली, हल्लीच्या लोकांना कामाची कशी पडलेली नसते, मशीनकडे कसं लक्ष नसतं, आणि वर तोंड करून बोलतात कसे. मुलगी ताटाकडे बघत जेवत होती.

संध्याकाळची तपासणी चालूच होती. ती बंद करायची म्हणजे कारण सांगावं लागलं असतं. मुलगी दारात थांबायची, नाकसाहेब चष्मा काढून वाकायचे, डोळे मिटायचे, एक श्वास, चला. आता गंमत बघा. सकाळभर परक्या माणसांचे चेहरे वाचून वाचून ज्याचे डोळे दुखायचे, तो संध्याकाळी घरी येऊन पोटच्या पोरीसमोर तेच डोळे मिटून घ्यायचा. शिस्त म्हणजे शिस्त.

एका शनिवारी मेहुण्याच्या मुलीचा वाढदिवस होता. मेहुण्याने मुलींना गच्ची दिली, गाणी लावून दिली, प्रत्येकीला अर्धा ग्लास बिअर स्वतःच्या हाताने दिली, म्हणजे उत्सुकता मरते. आणि मोठ्या मनाने खाली निघून गेला. त्याच्यामागे मुलींनी उत्सुकता नीट मारली, पेटीतल्या शेवटच्या बाटलीपर्यंत.

दिवेलागणीला बेल वाजली. नाकसाहेबांनी दार उघडलं. मुलगी दारात उभी होती, एक हात चौकटीवर ठेवून. त्यांनी सवयीने चष्मा काढला. डोळे मिटले, वाकले. तिने तोंड उघडून ‘हा’ केलं. खरं म्हणजे तिने दोनदा केलं.

“चला,” नाकसाहेब म्हणाले.

मुलीने एक पाऊल आत टाकलं, दुसरं चपलांच्या रॅकवर टाकलं, आणि रॅकसकट खाली बसली. बायको स्वयंपाकघरातून धावत आली आणि मधल्या खोलीतच थबकली. तिला तिथवर वास आला होता. तिने मुलीला काखेत धरून न्हाणीघरात नेलं, डोकं धरलं, पाणी ओतलं, पाठ चोळली. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली तेव्हा नाकसाहेब विखुरलेल्या चपला जोडीजोडीने लावत होते.

“अहो,” ती हळू आवाजात म्हणाली, “खालच्या मजल्यापर्यंत वास गेला असेल.”

नाकसाहेबांनी एक चप्पल तिच्या जोडीदाराशेजारी ठेवली.

“मला आला होता,” ते म्हणाले. “मुद्दामच बोललो नाही. म्हटलं, बघू, स्वतःहून सांगते का.”

बायको दिवा मालवून मुलीजवळ जाऊन पडली. थंडीपासून एकदा नाही, तीनदा तिच्या हातून दूध करपलं होतं, आणि तिन्ही वेळा हा माणूस दोन हातांच्या अंतरावर बसून पेपर वाचत होता. ती काही बोलली नव्हती. चपलांच्या दुकानात एक गोष्ट ती शिकली होती. गिऱ्हाईक चुकीचं माप सांगत असेल तर वाद घालायचा नाही, त्याला चालू द्यायचं. पुढे आपोआप कळतं. फक्त इथे टाचा मुलीच्या सोलल्या जात होत्या, हे तिला त्या अंधारात पहिल्यांदा उमगलं.

गाईंना रविवार माहीत नसतो, त्यामुळे नाकसाहेब सकाळी धक्क्यावर गेलेच. तिथून त्यांनी मेहुण्याला फोन केला. मेहुणा मुळीच घाबरला नव्हता. भावजी, तो म्हणाला, निदान माझ्या घरात प्यायली, सुरक्षित ठिकाणी. आणि तुझी मुलगी कशी आहे, नाकसाहेबांनी विचारलं. तिला काय होतंय, मेहुणा अभिमानाने म्हणाला, तिला सवय आहे.

घरी येताना रस्ताभर ते भाषण जुळवत होते. विश्वास, घराण्याचं नाव, तुझ्या वयाचा असताना मी, असं सगळं क्रमाने लावून झालं होतं. मुलगी मागच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांमागे स्टुलावर बसली होती. चेहरा पांढराफटक. नाकसाहेबांनी घसा साफ केला.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्हाला वास येत नाही ना?”

भाषणात या प्रश्नाची सोय नव्हती.

“कोण म्हणतं?”

“मी. थंडीपासून ओढतेय मी, मामाकडे. पहिल्या वेळी पेपरमिंट खाऊन आले होते. दुसऱ्या वेळी विसरले. जिन्यातच रडायला आलं मला. पण तुम्ही चला म्हणालात.”

“मग?”

“मग मुद्दाम विसरायला लागले.”

“मुद्दाम?”

“कधी कळतंय ते बघायला.” ती चादरीच्या टोकाशी चाळा करत होती. “काल तर मला उभंसुद्धा राहता येत नव्हतं. तुम्ही डोळे का मिटता?”

“वास नीट येतो,” नाकसाहेब म्हणाले. तोंडातून वाक्य बाहेर पडलं आणि ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

वाळत घातलेली चादर वाऱ्याने मध्ये येत होती. ती त्यांनी हाताने बाजूला धरली.

“मी कोणाला सांगणार नाही,” मुलगी म्हणाली. “डेअरीतपण नाही.”

ही धमकी आहे असं त्यांना आधी वाटलं. त्यांनी तिचा चेहरा बघितला. एवढे महिने चेहऱ्यांवर पोट भरलेला माणूस. सौदा करणारा चेहरा त्यांना लांबून ओळखू येई. हा तसला नव्हता. ही मुलगी त्यांना सांभाळून घेत होती. कधीपासून घेत होती, कोण जाणे. आणि असलं काम करायला तिचं वय अवघं तेरा होतं.

तेवढ्यात तिच्या कपाळावर आठी पडली.

“मग ती टाकी नासली ती? त्या मेकॅनिक काकांचं मशीन बिघडलं नव्हतं ना?”

इथे खोटं बोलणं अगदी सोपं होतं. ‘बिघडलं होतं’, एवढं पुरलं असतं. पण तिने विचारलं होतं, आणि उत्तराची वाट बघत ती सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होती. आपल्या घरात कोणी कोणाला प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलंय, असं नाकसाहेबांना आठवेना.

“नाही,” ते म्हणाले. “मशीन चांगलं होतं.”

रागवायची पाळी आता कोणाची, हे दोघांनाही कळत नव्हतं.

“तुम्ही सांगणार का मग त्यांना?” तिने शेवटी विचारलं. “तुम्ही सांगितलंत तर मीपण सांगेन. खरं. पण तुम्ही विचारायचं. वास नाही घ्यायचा.”

सोमवारी सकाळी धक्क्याचं काम आटोपल्यावर नाकसाहेब मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मुलीने विचारलं नसतं तर ते जिन्यातूनच परतले असते, हे त्यांना नीट माहीत होतं. मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं. त्याला सगळ्यांत मोठा धक्का कशाचा बसला म्हणाल, तर इतके महिने डेअरी नाकाशिवाय चालली याचा. आणि दुसऱ्या क्षणी त्याला भीती वाटली की ही गोष्ट वरिष्ठांना कळली तर ते नाकाचं पदच रद्द करतील. मेकॅनिकला दुपारीच बोलावणं गेलं. तो आला, काटा बघितला, मशीन पुसलं, आणि नाकसाहेबांशी एक शब्दही बोलला नाही. पुढेही कधी बोलला नाही. यात त्याचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. नाकसाहेबांची बदली कॅन धुण्याच्या विभागात झाली. धुतलेल्या कॅनमध्ये बॅटरीचा झोत टाकून तळाशी काही राहिलंय का ते बघायचं, असं काम. हमालांनी त्यांचं नवं नाव त्याच दिवशी ठेवलं. ते सांगण्यात अर्थ नाही. फार दिवस टिकणारं नव्हतं.

संध्याकाळी बेल वाजली. मुलगी सवयीने दारात थांबली, सवयीने तिचं तोंड उघडलं, आणि मग दोघांनाही आठवलं. नाकसाहेबांचा हात चष्म्यापर्यंत जाऊन खाली आला. ती त्यांच्या खांद्याला लागली होती. हे केव्हा झालं? तिची नखं मुळापासून खाल्लेली होती. डोळ्यांखाली काळं होतं.

“सांगितलंत?” तिने विचारलं.

“सांगितलं.”

तिने मान हलवली आणि थांबून राहिली. आता पाळी त्यांची होती. विचारायचं कसं, हे कधी शिकलेलंच नव्हतं. कॅनला विचारत नाहीत.

“आज ओढलीस?”

“एक,” ती म्हणाली. “अर्धी टाकून दिली.”

“कोणाबरोबर?”

“एकटीच. शाळेच्या मागे. तिथे आता कोणी नसतं.”

नाकसाहेब दारात उभे राहिले. ‘चला’ म्हणावं तर ते खोटं होतं. ‘परत’ म्हणावं तर परत कुठे पाठवणार. तिचा पत्ता हाच होता. आयुष्यभर दोन शब्दांवर भागवलेल्या माणसाला तिसरा शब्द लागला, आणि तो सापडेना. शेवटी ते बाजूला सरले आणि म्हणाले, आत ये, चपला मग काढ. त्यांना स्वतःला त्या वाक्यात फारसा अर्थ दिसला नाही. मुलगी मात्र आत आली.

बायकोने आतून आवाज दिला, गॅसवर दूध ठेवलंय, मी बाल्कनीतले वाळलेले कपडे काढते, जरा बघा. आणि जरा थांबून पुन्हा म्हणाली, “बघाच.”

नाकसाहेब पातेल्यासमोर जाऊन उभे राहिले. मुलगी स्वयंपाकघराच्या दाराला टेकली. अजून चप्पल पायातच होती. उद्यापासून काय, मामाकडे जायचं की नाही, सिगारेट सुटेपर्यंत घरात काय नियम, हे सगळं ठरायचं होतं, आणि त्यातलं काहीही एका श्वासात ठरणारं नव्हतं.

“ती दोन वेण्यांची हल्ली येत नाही,” नाकसाहेब पातेल्याकडे बघत म्हणाले. प्रश्न नीट जमला नव्हता, पण सुरुवात म्हणून ठीक होता.

“दोन वर्षं झाली, बाबा,” मुलगी म्हणाली. मग ती सांगायला लागली. पहिल्यांदा तुटक, मग सलग. भांडण कशावरून झालं, त्यानंतर वर्गात कोण कोण बोलेनासं झालं, डबा जिन्याखाली बसून खाताना कसं वाटायचं, आणि मामेबहिणीने पहिल्यांदा सिगारेट पुढे केली तेव्हा ती सिगारेटसाठी नाही, तर कोणीतरी काहीतरी पुढे करतंय म्हणून कशी घेतली. नाकसाहेब आधी पातेल्याकडे बघत होते. मग अधूनमधून तिच्याकडे बघायला लागले. मग नुसतेच तिच्याकडे.

“बाबा,” ती मध्येच थांबून म्हणाली, “दूध.”

ते केव्हाच उतू गेलं होतं. बर्नरवर जळत होतं, आणि घरभर त्याचा वास सुटला असणार.

“असू दे,” नाकसाहेब गॅस बंद करत म्हणाले. “पुढे?”